जोतीरावांचा हौद आणि आमची विहीर

शाळेच्या भिंतीवर एक तक्ता असायचा, आठवतोय? डाव्या हाताला निळा समुद्र, वर सूर्य, मग कापसासारखा ढग, उजवीकडे डोंगर, तिरक्या रेघांचा पाऊस आणि वळणं घेत परत समुद्राला मिळणारी नदी. चार बाण आणि चार शब्द. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य, वाहून जाणं. खाली ठळक अक्षरांत ‘जलचक्र’. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. तुम्हीही ती आकृती काढली असेल, स्केचपेनने रंगवली असेल आणि पेपर देऊन आल्यावर विसरूनही गेला असाल.

मी बोर्ली पंचतनची. श्रीवर्धन तालुका, रायगड. माझ्यासाठी तो तक्ता घराबाहेरच उभा होता. दिवेआगरचा समुद्र सायकलवर जाण्याच्या अंतरावर, पाठीमागे डोंगर, आणि जून ते सप्टेंबरात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस. म्हणजे जेवढा पडतो तेवढा जागच्या जागी उभा राहिला असता तर तीन मीटर उंच पाणी झालं असतं, आमच्या घराच्या पत्र्याला टेकलं असतं. आणि तरीही एप्रिल संपता संपता आमच्या विहिरीचा तळ दिसतो. कळशी खाली आपटते तेव्हा पाण्याचा नाही, दगडाचा आवाज येतो. लहानपणी मला वाटायचं, तक्ता खोटा असावा. समुद्र समोर, ढग डोक्यावर, पाऊस एवढा, मग पाणी जातं कुठे?

उत्तर मला विज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं महात्मा फुले यांच्याकडे, तेही जरा अपघातानेच. ११ एप्रिलला त्यांची जयंती असते. त्यासाठी काहीतरी वेगळं लिही, असं डेस्कवरून सांगितलं गेलं. सुट्टीवर घरी जाताना मी बॅगेत समग्र वाङ्मयाचा जाडजूड खंड टाकला आणि पडवीत बसून ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचायला घेतलं. पाचव्या प्रकरणापाशी थांबले. मागे गेले, पुन्हा वाचलं. मग त्यांचं चरित्र उघडलं आणि त्यात फक्त पाणी शोधत गेले.

जोतीराव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भिडेवाडा, सावित्रीबाई, मुलींची शाळा, डोक्यावर पागोटं असलेलं ते चित्र. एमपीएससी करणाऱ्यांना सत्यशोधक समाजाची तारीखही पाठ असेल, २४ सप्टेंबर १८७३. हे सगळं आहेच. पण त्यांचं आयुष्य पाण्याच्या बाजूनेही वाचता येतं, आणि ते सुरू होतं पाणी नसलेल्या गावात.

फुल्यांचं मूळ गाव कटगुण. सातारा जिल्हा, खटाव तालुका. आडनाव तेव्हा गोऱ्हे. पूर्वजांचा गावच्या कुलकर्ण्याशी तंटा झाला, गाव सोडावं लागलं आणि घराणं पुरंदर तालुक्यात खानवडीला आलं, असं चरित्रकार सांगतात. ही दोन्ही गावं नकाशावर शोधा आणि मग बोर्लीपासून सरळ पूर्वेकडे बोट फिरवत जा. पावसाळी ढग हाच प्रवास करतो. अरबी समुद्रावरून, त्याही पलीकडे विषुववृत्ताखालच्या हिंदी महासागरावरून आलेली वाफ आमच्या किनाऱ्यावर आदळते. पुढे सह्याद्री आडवा. हवेला वर चढावं लागतं, वर गेली की ती गार होते, आणि गार हवेला वाफ धरून ठेवता येत नाही. आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून तीच हवा पलीकडे उतरते तेव्हा ती जवळजवळ रिकामी झालेली असते, शिवाय उतरताना तापते. खटाव तालुक्याच्या वाट्याला येतो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि काही वर्षी तेवढाही नाही. भूगोलात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नाव फार काव्यात्म आहे. तिथे राहणाऱ्याला विचारा.

म्हणजे बघा, एकाच ढगाच्या वाटेवर आम्ही सुरुवातीला आणि कटगुण शेवटाला. पण एप्रिलमध्ये दोघांच्या विहिरी सारख्याच कोरड्या. तेव्हा गोष्ट फक्त पाऊस किती पडला याची नाही, हे उघड आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. आई चिमणाबाई ते वर्षाचे होण्याआधीच गेल्या. त्यांना सांभाळलं सगुणाबाई क्षीरसागर यांनी. घरचा धंदा फुलांचा, पेशव्यांकडे फुलं पुरवता पुरवता आडनावच फुले झालं. थोडं शिक्षण झाल्यावर वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढलं आणि बागेत कामाला लावलं. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांचं मन वळवलं आणि १८४१ मध्ये मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. मधली ती वर्षं चरित्रांत दोन ओळींत संपतात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. फुलबाग म्हणजे रोजचं पाणी. मोट, पाट, वाफे, कोणत्या वाफ्यात पाणी लगेच जिरतं आणि कुठे वर तुंबून राहतं. ज्याने हे हाताने केलंय त्याला पाणी मुरणं म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळतं. चाळीस वर्षांनी ते जे लिहिणार होते त्याची मुळं मला या मातीत दिसतात. हे माझं मत, पटलं तर घ्या.

पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून पटकन. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी लग्न. १८४८ मध्ये मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, त्याच वर्षी भिडेवाड्यातली मुलींची शाळा, वर्षभरात नवरा-बायकोला सोडावं लागलेलं घर. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारकडून सत्कार. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह. या प्रत्येकावर वेगळं पान होईल.

शाळा चालवायची तर पैसे हवेत, आणि जोतीरावांनी ते कमावले कंत्राटदारीतून. ही बाजू आपल्याला फारशी सांगितली जात नाही. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीशी ते जोडलेले होते. रस्ते, पूल, बोगदे अशी सार्वजनिक बांधकामं. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल आणि खडकवासल्याचं धरण या कामांशी त्यांचं नाव जोडलं जातं. खडकवासल्याचं काम १८६९ च्या सुमारास सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. दगडी बांधकामाचं, मुठा नदी अडवणारं धरण. इंग्रज इंजिनिअर फाईफ यांच्या नावावरून तलावाला लेक फाईफ म्हणायचे. तुमच्यापैकी जे पुण्यात शिकतात ते आजही त्याच धरणाचं पाणी पितात आणि रविवारी तिथेच कणीस खायला जातात.

अशा साइटवर माणूस काय काय बघतो? नदी अडवण्याचं तंत्र बघतो, दगड फोडणारे हात बघतो, आणि मजुराच्या पगारातून मधल्यामधे किती गळतं तेही बघतो. इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर जोतीरावांनी याच काळात पोवाडा लिहिला. धरणं बांधणाऱ्यांना आतून ओळखणारा माणूस पुढे धरणांविषयी लिहितो, तेव्हा त्याला वजन असतं.

आता हौदाकडे येऊ. १८६८ सालचं पुणं समजून घ्यायचं तर नळ विसरा. पेशवाईत कात्रजचा तलाव बांधून तिथून भुयारी नळाने शहरात पाणी आणलं होतं. ते ठिकठिकाणच्या हौदांत पडायचं आणि लोक हौदावरून भरून न्यायचे. घरोघरी विहिरी, आड. म्हणजे शहरात पाणी होतं. पण ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना त्या हौदाला हात लावायची सोय नव्हती. उन्हात ताटकळत उभं राहायचं, कुणी दया येऊन वरून ओतलं तर भांडं भरायचं. ढगाने भेदभाव केला नव्हता, नळानेही नाही. पाणी चार हात अंतरावर येऊन थांबत होतं आणि शेवटचे चार हात जात अडवत होती.

जोतीरावांनी त्या वर्षी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांचे वडीलही १८६८ मध्येच वारले. लिहायला एक ओळ लागते, म्हणून तिचं वजन कळत नाही. स्वतःला त्या जागी ठेवून बघा. हौद सार्वजनिक नव्हता, घरचा होता, घरातली सगळी माणसं तेच पाणी वापरणार. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे तो बाटला की घर बाटलं. जातभाई वाळीत टाकणार, पाहुणे पाणी पिणार नाहीत. व्याख्यान देणं सोपं असतं, स्वतःच्या घरचं पाणी सोडणं वेगळं. गंज पेठेतलं ते घर आज स्मारक आहे. पुण्यात असाल तर जाऊन या, तिकीट लागत नाही आणि गर्दीही फार नसते.

मग आला दुष्काळ. १८७६ ते १८७८. दख्खनमध्ये पाऊस फिरला, पिकं गेली, माणसं गावं सोडून निघाली. तेव्हा सत्यशोधक समाजाला तीनच वर्षं झाली होती. पुण्याजवळ धनकवडीला समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू केला, तिथे दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवण मिळायचं. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात तिथली उपासमार, मरून पडणारी जनावरं, कोरडी पडलेली जमीन यांचं वर्णन आहे. ते पत्र मिळालं तर जरूर वाचा, नवरा-बायकोच्या पत्रात काय असू शकतं याची आपली कल्पनाच बदलते.

दुष्काळात एक गोष्ट उघडी पडते. जलचक्र थांबलेलं नसतं. ते कधीच थांबत नाही. समुद्रातून वाफ निघतच असते; एकदा वर गेलेलं पाणी सरासरी आठ-दहा दिवसांत कुठेतरी खाली येतं. आपल्याकडे अडचण असते ती खाली आल्यानंतर. पाणी जमिनीत शिरलं तर ते आठवडे, महिने, कधी वर्षानुवर्षं आत राहतं, हळूहळू झिरपत विहिरीला आणि ओढ्याला येतं. म्हणून पाऊस संपल्यावरही जानेवारीत ओढा वाहतो. शिरलं नाही तर उतारावरून पळतं आणि काही तासांत नदी, काही दिवसांत समुद्र. सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट. त्याच्या पोटात पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. म्हणजे मुळात टाकी लहान. त्या टाकीवरची माती वाहून गेली, झाडं गेली, तर झाकणच उडालं. बोर्लीतही हेच, फक्त उतार जास्त तीव्र आणि समुद्र जास्त जवळ. आमचा तीन मीटर पाऊस चहा पिऊन होईपर्यंत खाडीत पोचलेला असतो.

हे लक्षात ठेवून १८८३ च्या जुलैमध्ये पूर्ण झालेलं ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचायला घ्या. पुस्तक चिडलेलं आहे. सारा, कर्ज, कोर्टकचेऱ्या, गायरानं गिळणारं जंगल खातं, अंमलदारांची अरेरावी, भटशाही, सगळ्यांवर आसूड ओढलाय. भाषा काही ठिकाणी आपल्याला अंगावर आल्यासारखी वाटते, लांबच लांब वाक्यं दमवतात. पण पाचव्या प्रकरणात ते उपायांकडे वळतात, आणि हाच माणूस अचानक मोजूनमापून बोलायला लागतो.

डोंगरांवर काय असतं, तर गवत, झाडांची पानं-फुलं, मेलेले किडे आणि जनावरं. ते सगळं कुजून जमिनीचं सत्त्व तयार होतं. वळवाचा पाऊस येतो आणि हे सत्त्व धुऊन ओढ्यात नेतो, वाया जातं. तेव्हा सरकारने जागोजागी ताली-बंधारे अशा रीतीने बांधावेत की वळवाचं पाणी आधी शेतांतून मुरेल आणि मगच नदी-नाल्याला मिळेल. क्रम बघा. आधी मुरेल, मग वाहील. शाळेच्या तक्त्यात डोंगरावरून निघालेला बाण थेट नदीत जातो. जोतीराव तो बाण वाकवतात, शेताच्या खाली नेतात आणि मग नदीला सोडतात. मला माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडलं.

बांधायचे कुणी? तर सरकारच्या पदरी असलेले काळे-गोरे लष्कर आणि पोलीस खात्यातले रिकामे शिपाई आहेतच की, त्यांना लावा या कामाला. टोमणा आहे, आणि योजनाही आहे. मोकळ्या हवेत काम केल्याने त्यांची प्रकृती सुधारेल, हेही वर सांगतात. मी एकटीच पडवीत हसले.

पुढे म्हणतात, डोंगर-टेकड्यांमधल्या दऱ्याखोऱ्यांत सोयीसोयीने जितकी होतील तितकी तळी-तलाव बांधा. म्हणजे खालच्या ओढ्या-नाल्यांना उन्हाळ्यातही पाणी राहील, जागोजागी लहान धरणं भरतील आणि विहिरींना पाणी येईल. तलावात साचलेला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या. या एका सूचनेत दोन फायदे आहेत, तलाव खोल होतो आणि शेताला माती मिळते. आज पाणलोट विकासाच्या ट्रेनिंगमध्ये माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचं असं शिकवतात. गाळमुक्त धरण, जलयुक्त शिवार या योजनांची नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. त्यांच्या फायली उघडल्या तर आतला विचार हाच निघेल.

आणखी एक सूचना मला सगळ्यात आवडली. राज्यातल्या सगळ्या जमिनींची पाणाड्यांकडून पाहणी करा, जिथे दोन मोटांहून जास्त पाणी लागेल अशा जागांच्या खुणा गावाच्या नकाशावर करा, आणि सरकारी मदत न घेता तिथे विहीर बांधणाऱ्याला बक्षीस द्या. गावोगावच्या भूजलाचा नकाशा, १८८३ मध्ये! महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली ती १९७२ च्या सुमारास, मोठ्या दुष्काळाच्या वेळी. आता पाणाडी म्हटल्यावर तुमच्यातले सायन्सवाले नाक मुरडतील. आमच्याकडेही बोअर मारण्याआधी तळहातावर नारळ ठेवून रानात फिरणारे लोक बोलावतात, आणि नारळ उभा राहिल्याने पाणी लागतं याला शास्त्रात आधार नाही. इथे जोतीराव त्यांच्या काळाचे आहेत. पण त्या सूचनेतला पाणाडी काढून तिथे भूवैज्ञानिक बसवा, बाकी वाक्याला हात लावावा लागत नाही.

कालव्यांबद्दलही ते बोलतात. पाणीपट्टी घ्यायची, पण पाणी सुटायचं अधिकाऱ्याच्या मर्जीने, पीक वाळल्यावर. त्यापेक्षा प्रत्येकाच्या शेताला लागेल त्या मानाने पाणी मिळेल अशा तोट्या करून द्याव्यात, असा त्यांचा आग्रह. खडकवासल्याचं काम जवळून पाहिलेला माणूस हे सांगत होता. धरण बांधलं म्हणजे काम झालं असं त्याला वाटत नव्हतं. पाणी शेवटच्या शेतात पोचलं की नाही, हा त्याचा हिशेब होता. हौदाच्या वेळीही हाच हिशेब होता.

ही पुस्तकाची गोष्ट तिथेच संपत नाही. नारायण मेघाजी लोखंडे, कामगार चळवळीतले मोठे नाव आणि जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’ चालवत. त्यांनी आसूडाची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची थांबवली. मजकूर फार जहाल वाटला. जोतीराव रागावले. जर्नालिझम शिकणारी म्हणून या प्रसंगावर मी बराच वेळ अडकून पडले. लोखंडे भित्रे नव्हते, गिरणी कामगारांसाठी त्यांनी जे केलं ते बघितलं तर कळतं. सरकारच्या डोळ्यांवर आलेला छोटा पेपर चालवणं काय असतं हेही मी समजू शकते. पण थांबलेल्या मजकुरात पाणी मुरवण्याचं प्रकरणही होतं. संपादकाने राग कापला आणि रागाबरोबर उपायही राहून गेला.

१८७६ ते १८८२ जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या मेजवानीत ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राजपुत्राला सांगितलं की इथे दागिने घालून बसलेले लोक म्हणजे हा देश नव्हे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीला लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू गेली. शेवटचं पुस्तक, ‘सार्वजनिक सत्यधर्म’, त्यांनी डाव्या हाताने लिहून काढलं. ते छापलेलं बघायला ते राहिले नाहीत. २८ नोव्हेंबर १८९० ला त्यांचं निधन झालं, पुस्तक १८९१ मध्ये आलं.

पाण्याची त्यांची वाट मात्र पुढे चालू राहिली, आणि तिचं एक वळण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाड. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. बाबासाहेब फुल्यांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानत. घरचा हौद ते गावचं तळं, मध्ये एकोणसाठ वर्षं. महाड सावित्री नदीकाठी वसलंय. ही नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्याच तालुक्यात, हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. बोर्लीवरून गेलेला ढग तिथे वर रिकामा होतो आणि त्यातलं काही पाणी महाडवरून परत आमच्याकडे येतं. तक्त्यात हे गाव दाखवलेलं नसतं.

दुसरं वळण पुरंदर तालुक्यात, जिथे फुल्यांचं खानवडी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअरने तिथल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. माथ्यावरचं पाणी अडवलं, मुरवलं आणि वाटलं. वाटप जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यांवर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, आणि उसाला बंदी. ऊसवाल्या महाराष्ट्रात हे म्हणायला छाती लागते.

आता आमच्या विहिरीचं सांगते, कारण दोष आमचाही आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, माडही गेले. सुपारीची बाग परत उभी राहायला वर्षं लागतात, घर मात्र रोज चालवावं लागतं. मग पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, गाड्या उभ्या करायला अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. अंगण सुंदर दिसायला लागलं, चिखल बंद झाला, रिव्ह्यू चांगले यायला लागले. पूर्वी पागोळ्यांचं पाणी अंगणात, आळ्यांत, पोफळीच्या मुळाशी जिरायचं. आता ते गटारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून वहाळात. आजी तेव्हाच कुरकुरली होती की विहिरीचं तोंड उघडं ठेवलंत आणि घसा दाबलात. आम्ही हसलो होतो. पाणी खाली गेलं म्हणून पंप आणखी खाली सोडला. पुळणीजवळच्या काही वाड्यांत असं करता करता पाणी मचूळ झालंय. कारण किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून गोडं उपसलं आणि मुरणं बंद झालं की खालून खारं वर सरकतं. एकदा विहीर खारी झाली की पोफळही जाते आणि पाहुण्यांची खोलीही.

पाचवं प्रकरण मी बाबांना वाचून दाखवलं. ते गप्प बसून ऐकत होते, लष्कराच्या वाक्याला हसले. मग म्हणाले, सगळे ब्लॉक काढायचे म्हणजे खर्च आहे, आणि गाड्या कुठे लावायच्या? रास्त प्रश्न आहे. शेवटी ठरलं ते असं: विहिरीच्या बाजूची तीन हात रुंदीची पट्टी उखडायची, तिथे खड्डा घेऊन दगड-वाळू भरायची आणि पागोळ्यांचं पाणी पाइपने तिकडे सोडायचं. पहिली रांग मी आणि भावाने परवा काढली. खालची माती अशी घट्ट बसलीय की पहार लागली.

फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं आहे, तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत नक्की असेल, बहुतेक न उघडलेलं. किंमतही फार नाही. आसूड, प्रकरण पाचवं. पावसाळ्याला अजून दोन महिने आहेत.